गुडघ्यांसमोरची टाकी

पेट्रोलचा वास आला की माझा हात अजून निऱ्या आवरतो. कल्याणला असताना ह्यांनी जुन्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये लष्कराच्या लिलावातलं जीपचं इंजिन बसवलं होतं. मागच्या टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप सारखा दगा द्यायचा, म्हणून ह्यांनी नवी टाकी पुढे, नेमकी माझ्या गुडघ्यांसमोर ठोकली. तिथून पेट्रोल आपसूक इंजिनात उतरायचं. पहिल्याच फेरीत, शहाडच्या अलीकडे, गाडी खड्ड्यात आदळली आणि माझ्या मांडीवर काहीतरी गार ओघळलं. मला सातवा महिना होता. लुगडं भिजलं, वास डोक्यात चढला, आणि शेजारी ह्यांनी ओठांत सिगारेट धरून काडेपेटी काढली. "काडी ओढू नका!" मी किंचाळले. ह्यांनी गाडी थांबवली. "अगं, थेंबभर तर गळलंय. एवढं काय घाबरायचं?" मी खाली उतरले. "मग इथे, माझ्या जागेवर बसा आणि खुशाल ओढा." हे हसत सरकून बसले, काडी पेटीला टेकवली. तेवढ्यात सीटचा ओलावा पँटमधून लागला असावा. हात तिथेच थांबला. मग काडी पेटीत परत गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मुकाट्याने पंप दुरुस्त केला, टाकी मागे गेली. आता हे नाहीत. नातू पेट्रोल भरायला थांबतो, तेव्हा मी आधी त्याच्या हातांकडे बघते.