मिसरच्या सरक्या

मी आयुष्यात एकच गुन्हा केला, तोही कैरोच्या विमानतळावरच्या संडासात. बायकोलासुद्धा कधी सांगितला नव्हता. आता लिहूनच टाकतो.

आदिलाबादेत माझी सरकारी नोकरी. बाबांची बेल्याला कापसाची शेती. दिवाळीच्या सुट्टीत मी बायकोला आणि बाबांना इजिप्तच्या, बाबांच्या भाषेत मिसरच्या, सहलीला नेलं. (वेचणी टाकून निघावं लागलं म्हणून बाबा हैदराबादपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते.) पिरॅमिडकडे त्यांनी जेमतेम चार मिनिटं पाहिलं.

"दगडं बराबर रचले. पण इथं पिकते काय?"

"रेती, बाबा."

दुसऱ्या दिवशी नाईलकाठी कापसाचं शेत दिसलं आणि बाबांनी लघवीचं कारण सांगून बस थांबवली. सगळी बस उकडत बसली, आणि बाबा तिथल्या शेतकऱ्याशी अर्धा तास बोलले. हे वऱ्हाडीत, तो अरबीत; माना मात्र दोघांच्याही डोलत होत्या. बाबांनी कमरेची चंची सोडून त्याला काहीतरी दिलं (तंबाखू, दुसरं काय!) आणि त्यानं ओंजळभर बोंडं दिली.

"धागा पाह्य, रेशीम हाय," बाबा बसमध्ये म्हणाले. "मिसरची सरकी. विहिरीपाशी लावतो."

परतताना विमानतळावर पाटी दिसली : परवान्याशिवाय बियाणं नेण्यास मनाई. मला थेट निलंबनाचा कागदच दिसला. बाबा चंची माझ्या हातात देऊन पाणी प्यायला गेले. चाचपली, तर आत सरक्या! मी संडासात शिरलो, त्या ओतल्या आणि दोनदा पाणी सोडलं.

हैदराबादला तपासणीच्या साहेबाला मी सलाम ठोकला आणि लंगडत पुढे गेलो. हॉटेलातून निघाल्यापासून डाव्या बुटात खडा टोचत होता, पण वाकायची हिंमत कोणाची!

बेल्याला पोचल्यावर बाबांनी माझे बूट स्वतः झटकायला नेले. जन्मात पहिल्यांदा. मला इतकं भरून आलं, की मी घरच्या कापसातल्या बारा सरक्या काढून गुपचूप चंचीत घातल्या.

पावसाळ्यात बाबांनी सरक्या विहिरीपाशी लावल्या. झाडं माझ्या डोक्यावर गेली. तामसीहून लोक बसनं 'मिसरचा कापूस' पाहायला येऊ लागले. बाबांनी अर्ध्या गावाला बियाणं कबूल केलं. स्वतःच्या पाचही एकरांत तेच लावणार म्हणाले. एवढ्या लोकांचं वर्ष माझ्या भित्रेपणावर उभं! शेवटी शेताच्या धुऱ्यावर बाबांचे पाय धरले.

"बाबा, हे मिसरचं नाही. मिसरच्या सरक्या मी संडासात टाकल्या. चंचीत घातल्या त्या घरच्या."

बाबांनी बोंड फोडलं, धागा ओढून माझ्या नाकासमोर धरला. "हा घरचा धागा हाय?"

मी धागा चिमटीत धरला. रेशीमच!

"चंचीत आपल्याच सरक्या होत्या. त्या मिसरच्या मानसाले देऊन पाच-सहा उरल्या होत्या. घरी येऊन पाह्यतो तं बारा! म्या म्हटलं, विमानात व्याल्या का काय!"

"मग मिसरच्या?"

"तुह्या डाव्या बुटात. चिंधीत बांधून."

"माझ्या? काऊन?"

"माह्यावर शक घेतला असता. तुह्यं तोंड पाहून कोन तपासते?"

म्हणजे ज्या गुन्ह्यापायी मी वर्षभर झुरलो, तो झालाच नव्हता. आणि जो झाला, तो मी साहेबाला सलाम ठोकून, लंगडत केला होता.