मुलतानीतली दोन मिनिटं

शाळेतून निवृत्त झाल्यावर बेबीताईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाइलवर मास्तरांचं गाणं शोधायला घेतलं.

मास्तर म्हणजे दौलतसिंग. मंगरूळपीरच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. बेबीताई आसेगावहून एस.टी.नं आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जायच्या. १९८८ साली नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं मास्तरांची कॅसेट काढली, पहिली आणि शेवटची. राग मुलतानी. एकवीस वर्षांच्या बेबीताई मागं तानपुरा धरून बसल्या होत्या. ख्याल रंगात आला आणि मास्तरांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी मागं न बघता हात केला. बेबीताईंनी अंतरा उचलला आणि दोन मिनिटं एकट्या गायल्या. पुन्हा घेऊ, असं कंपनीवाला म्हणाला, तेव्हा मास्तरांनी त्याला साफ सांगितलं, "राहू द्या. पोरीनं चांगलं धरलं."

पुढं नोकरी लागली, देवमनरावांशी लग्न झालं, बदल्या झाल्या. वर्गात पाढे म्हणवून घेता घेता गळा बसला तो बसलाच. गाणं सुटलं याचं घरात कुणाला काही वाटलं नाही. जवळ होती ती कॅसेट टेपमध्ये अडकून तुटली, आणि मास्तर तर कधीच वारले होते.

वाशीमच्या घरी सून स्नेहानं मोबाइलमध्ये गाण्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. जगातलं सगळं गाणं यात आहे म्हणाली. बेबीताईंनी मास्तरांचं नाव मराठीत टाकलं, काही आलं नाही. इंग्रजीत चार तऱ्हांनी टाकलं, तर भजनं आली, वरातीची गाणी आली. मग त्यांनी नुसतं 'मुलतानी' टाकलं. शेकडो निघाले. रोज जेवणं झाली की त्या एकेक ऐकत बसायच्या. कधी न ऐकलेले मोठमोठे गवई त्या निमित्तानं कानावर पडले, पण त्याचा आनंद काही झाला नाही. आपण केवढ्याशा पाण्यात पोहत होतो, तेच तेवढं कळत गेलं.

चौथ्या महिन्यात 'दुपारचे राग' नावाचा संच सापडला. वर तळ्याचं चित्र, गायक 'अज्ञात'. पहिल्याच स्वराला त्यांनी मोबाइल कानाशी धरला. मास्तरच होते. बेबीताई खोकल्याची वाट बघत बसल्या. खोकला आला, तोही अर्धाच, आणि तिथून एकदम जलद लयीतलं द्रुत सुरू झालं. मधली दोन मिनिटं कुणीतरी कापून टाकली होती.

त्यांनी अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. हे दौलतसिंगांचं गाणं आहे, नाव तरी लावा, आणि मधला तुकडा राहिलाय. उत्तर इंग्रजीत आलं. स्नेहानं वाचून सांगितलं की ज्या कंपनीचं गाणं आहे तिलाच विचारा म्हणतात. ती कंपनी बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती.

शेवटी त्या मास्तरांच्या घरी मंगरूळपीरला गेल्या. मास्तरांची बायको धनीबाई आता ऐंशीच्या पुढं. तिनं ओळखलं, जवळ बसवलं. कॅसेटींचं विचारल्यावर म्हणाली, "व्हत्या ना बाई, खोकंभर व्हत्या. दिरानं फिती काढून ज्वारीवर ताणल्या. वाऱ्यानं वाजत, पाखरं भेत. दोन साल राखण झाली."

तिच्या बोलण्यात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. बेबीताई चहा पिऊन उठल्या.

त्यानंतर त्यांनी शोधणं सोडलं. आठवड्यानं देवमनरावच म्हणाले, एवढं सापडलं तर मलाही ऐकव. बेबीताईंनी लावून दिलं. गाण्यातलं काही न कळणारा तो माणूस डोळे मिटून शेवटपर्यंत बसला.

"याच्यात तू कोठी हायेस?" त्यांनी विचारलं.

"मांगं बसून हावो. तानपुऱ्यावर."

देवमनरावांनी मोबाइल उचलून पुन्हा कानाला लावला, आवाज वाढवला. त्या बारक्या स्पीकरातून मास्तर आणि तबला तेवढा येत होता.

"हो, येऊन राह्यला," ते म्हणाले.

येत नव्हता, हे बेबीताईंना ठाऊक होतं.