एका जागी बसलेला ठिपका

साल २०११. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. कॉलेजातून माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेला जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र, मी चालू केला. रेघ नाहीच. मधोमध एक हिरवा ठिपका ढिम्म बसलेला.

चौकशीला आलेले प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "काका, पुरे आता. ह्याचा ठिपका पळवणारा ट्रान्झिस्टर मिळत नाही, कंपनीच बंद पडली. उद्या दुपारी भंगारात देतो."

"कंपनी पडली असेल बंद. मी अजून पडलेलो नाही."

सर हसले नि गेले.

मी पडद्याचा उजेड कमी केला. एका जागी राहिलेला ठिपका पडदा जाळतो. त्यात दोष ठिपक्याचा नसतो. त्याला पळवणारं कुणी उरलेलं नसतं. माझा मुलगाही रोज म्हणतो, "बाबा, आता घरी बसा." मी चौथी नापास माणूस, पण एवढं कळतं की मला बसवलंत तर मी घर जाळीन.

तीन रविवार जुना बाजार पालथा घालूनही तो ट्रान्झिस्टर मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच बनावटीचा माझा स्वतःचा चालू ऑसिलोस्कोप उघडला आणि त्यातला ट्रान्झिस्टर काढून कॉलेजच्या यंत्रात बसवला. ठिपका पळायला लागला, रेघ उमटली.