कुत्रीचा गहू

आमच्या आळीत एकानं शर्यतीची कुत्री पाळल्यात. परवा तो एक बरणी घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ह्या गोळ्या बघा. पळून पळून कुत्र्याच्या अंगाला आतनं गंज चढतो म्हणं. ह्यानं तो थांबतो. तुमच्या वेळंला काय घालत हुता वं?"

"गहू," मी म्हटलं.

तो हसला. मला हसू आलं न्हाई. आमची मंडळी, म्हंजे बायको, गेल्यापासनं कशाचंच काय वाटंना झालंय. माणसं येतात, बसतात, च्या पितात, जातात. पण गव्हाचं नाव मीच काढलं, तर ते लिहून टाकतो.

दुसरी मोठी लढाई चालू होती तवाची गोष्ट. आमचं गाव तासगावाकडचं. मंडळी जतच्या अंगाची, कानडी मुलखाच्या शिवेवरची. लग्न होऊन आली तवा गाडीमागनं एक कारवानी कुत्री चालत आली. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेलं, सशावर सोडायची जात. तिला नाव न्हवतं. कुत्रीच म्हणायचे. मंडळीची आई लहानपणीच गेलेली, बाप लग्न लावून मोकळा झालेला. माहेरचं म्हणून तिच्यापाशी ती कुत्री तेवढी होती.

माझ्या बाला शिकारीचा लय नाद. पहिल्याच खेपंला कुत्रीनं ससा धरला, आणि घरी येऊस्तोवर तिचे मागचे पाय आखडले. फळीसारखे. मुतली ते कोऱ्या च्यासारखं काळं. दुसऱ्या खेपंलाही तसंच. बा म्हणाला, "दिसायला घोडी आन् पळाली की म्हातारी. आणखी एकदा आखडली तर धनगराच्या मेंढरांमागं लावून देतो. जाईल तिकडं कोकणात."

मंडळी चुलीपुढं भाकरी थापत होती. थापायची थांबली न्हाई.

दसरा होऊन गेलेला. तिनं गोठ्यात फुटक्या घागरीच्या खापरात माती घेतली, त्यात गहू पेरला आणि पाणी शिंपडाय लागली. नवरात्रात घटाखाली पेरतात तसा. आमच्याकडं गहू सणालाच दिसायचा, त्यात सरकार दाणा मोजून नेत होतं. हा गहू तिच्या ओटीतला. बायकांनी ओटी भरली तवाचा तिनं गाठोड्यात जपून ठेवलेला.

माझ्या आईनं खापर बघितलं. तिला वाटलं, सुनेनं पोरासाठी यमाईला नवस बोललाय आणि लाजून सांगत न्हाई. आई रोज त्या खापराला हळदकुंकू वाहाय लागली. शेजारणीला आणून दाखवलं. तिनंही वाहिलं.

"आवं, आत्याबाई पाया पडाय लागल्यात," मंडळी मला म्हणाली. "आता काय करू?"

"पडू दे," मी म्हटलं.

मोड बोटाएवढे झाले की ती उपटायची, पाट्यावर वाटायची, त्यात ओली हळद, पळीभर करडईचं तेल. भाकरीच्या काल्यात कालवून कुत्रीला द्यायची. तिचा चुलता शिकारीची कुत्री पाळायचा, त्याच्या घरची रीत ती. कुत्रीचं सगळं तोंड पिवळं व्हायचं. वाटेनं जाणारे मला विचारायचे, "काय गड्या, कुत्रीला हळद लावलीस? नवरा कुठला बघितला रं?"

एक दिवस आईनं मोकळं खापर बघितलं आणि कुत्रीची थाळीपण बघितली.

"अगं ए! देवीचा घट कुत्रीला घातलास?"

"घट न्हाई, आत्याबाई. कुत्रीचाच गहू हाय त्यो."

"आन् इतकं दिवस मी पाया पडले त्या कुणाच्या?"

मंडळी खाली बघून हसाय लागली. आई हसली न्हाई. पण मंडळीनं फिरून गहू पेरला तवा तो फेकूनही दिला न्हाई. लांबनंच चिमूट चिमूट हळदकुंकू टाकलं. असावं आपलं म्हणून.

थंडीत कुत्री परत शिकारीला गेली. दोन ससे धरले. पाय मोकळे, मूतही साफ. बा गावभर सांगत सुटला आणि ते सांगणं औंधापातूर गेलं. तिकडनं बाच्या ओळखीचा एक बडा शिकारी घोड्यावरनं आला. कुत्रीच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणाला, "फुडल्या बाजारादिवशी येतो. डोळ्यांनी पळताना बघतो. पळाली तर कुत्री माझी."

"तुमचीच हाय. घेऊन जावा," बा म्हणाला. असल्या माणसानं मागावी ह्यातच बाला मान वाटला.

म्हणजे आखडली तर मेंढरांमागं, न्हाई आखडली तर औंधाला. मंडळी भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "मग मी तिला बरी कशापायी केली?"

शिकारीच्या कुत्र्याला निघायच्या आधी काय घालत न्हाईत. पोट मोकळं असलं की कुत्रं पळतं, भरलं की लोळतं. हे जतच्या पोरीला सांगाय नको.

बाजारादिवशी पाहुणा आला. आमी माळावर गेलो. ससा उठला. बानं दोरी सोडली. कुत्री चार ढांगा गेली, थांबली आणि मान खाली घालून भडाभडा ओकली. दूध, भाकरी, गूळ. मग तिथंच बसली आणि पाहुण्याकडं बघून शेपूट हलवाय लागली. ससा कवाच पल्याड.

"ह्ये काय वं?" पाहुणा म्हणाला. "शिकारीला आली का पंगतीला?"

घोड्यावर बसला आणि गेला.

बा घरी आला, सोप्यात बसला, तांब्याभर पाणी प्याला.

"सूनबाई, सकाळी कुत्रीला काय घातलंस?"

"भाकरी, मामंजी. दूधगुळात कुस्करून."

"पळवायची हाय, ठाव हुतं न्हवं?"

"व्हय. पर औंध लांब हाय. जाणाऱ्याला उपाशी कसं धाडायचं?"

बानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "शिकारी कुत्री न्हवं ही, दुभती म्हस केलीस तू. बांध जा गोठ्यात." परत कुणाला द्यायचं नाव त्यानं काढलं न्हाई. कुत्री आमच्यातच म्हातारी झाली, गोठ्यात मेली. बांधाच्या कडंला पुरली.

मंडळीनं शेवटी शेवटी खाणं टाकलं. मी भाकरी दुधात कुस्करली, गूळ घातला, चमचा तोंडाला लावला. तिनं तोंड फिरवलं. फिरून लावला. लेक म्हणाली, "तात्या, राहू द्या आता."

राहू दिलं. दुपारच्याला गेली.

वाटी तशीच भरलेली होती. नदीवरनं परतल्यावर ती दारातल्या कुत्र्याला घातली.