पाकात पडलेला कोंबडा आणि ऑरिनकाकांचा ओढा

डीकन पाकात पडला तो डेल्बर्ट स्टिकनीच्या हातून, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर विनाकारण कोंबड्यावर आळ यायचा.

झालं असं. एप्रिलची सुरुवात, मेपलचा रस आटवायचे शेवटचे दिवस. डेल्बर्टच्या गुऱ्हाळात इतकी वाफ कोंदली होती की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. बाकावर टोपली, टोपलीत डीकन, टोपलीवर झाकण आणि झाकणावर लाकडाची जाड ढलपी. इथपर्यंत सगळं सांगितल्याबरहुकूम होतं. पण डेल्बर्ट डोनट खात होता आणि टोपलीच्या फटीतून एक पिवळा डोळा त्या डोनटकडे टक लावून बघत होता. डेल्बर्ट मनाचा मऊ. कुणी असं बघत असलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यानं ढलपी काढली, झाकण जरासं उचललं आणि तुकडा पुढे केला. डीकननं तुकडा घेतला, त्यासोबत डेल्बर्टचं बोट घेतलं, आणि पंख पसरून थेट वाफेत घुसला. मग काही दिसलं नाही. फक्त 'डुबुक्' ऐकू आलं, आणि तेही पाण्यातलं नव्हे. चांगलं जाड, चिकट डुबुक्.

नशीब एवढंच, की बादलीतला पाक कोमट झाला होता. डेल्बर्टनं त्याला बाहेर काढलं तेव्हा तो काकवीत बुडवलेल्या केरसुणीसारखा दिसत होता. तोंडानं मात्र अखंड बोलत होता.

दुसऱ्या कुणाचा कोंबडा असता तर डेल्बर्ट हसला असता. हा होता ऑरिन पेटिंगिल यांचा. आणि ऑरिनकाका त्या घडीला शहरातल्या इस्पितळात डोळ्यांना पट्ट्या बांधून पडले होते. मोतीबिंदू काढायला जाताना त्यांनी कोंबडा डेल्बर्टच्या हवाली केला होता. "कोल्हा फिरतोय, एकटा सोडू नकोस," ते म्हणाले होते, "नीट सांभाळलास तर मे महिन्यात तुला ओढ्यावर नेतो."

हे वाक्य ऐकून डेल्बर्टला दोन रात्री झोप आली नव्हती.

कारण वेस्ट हॅरिमन गावात ऑरिनकाकांचा ओढा हे एक मोठं कोडं होतं. व्हर्माँटच्या त्या डोंगरांत ओढ्यांना तोटा नाही, तोटा ट्राउट माशांचा. बाकीचे लोक दिवसभर झुडपांत अडकून दोन बोटांएवढे मासे आणायचे. ऑरिनकाका टोपलीत नेचे पसरून त्यावर तळहाताएवढे ट्राउट घेऊन यायचे, पोटाला नारिंगी, कल्ल्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. शेजारधर्म म्हणून दरवर्षी त्यातले चार-पाच डेल्बर्टच्या दारी यायचे. डेल्बर्ट ते मक्याच्या पिठात घोळवून तळायचा, काटा चोखत म्हणायचा, "कुठल्या स्वर्गातून आणतो हा म्हातारा?" त्याच्या वडिलांनीही आयुष्यभर हाच प्रश्न विचारला आणि उत्तर न मिळताच ते गेले.

पण तिथे कुणी तोंडावर असं विचारत नाही. माणसाला त्याचं वय विचारावं, बायकोशी पटतं का विचारावं. ओढा विचारू नये. मागावर जायला मात्र मनाई नाही, आणि तिथेच ऑरिनकाकांची खरी गंमत. ते आपली हिरवी गाडी मुद्दाम भलत्याच ओढ्याकाठी उभी करून पायी गुल व्हायचे. सगळं गाव तिकडे गळ टाकून बेडूक काढत बसायचं. एकदा दुकानदार मर्टन त्यांच्या मागून लपतछपत निघाला. काकांनी त्याला दलदलीतून फिरवलं, काटेरी रानातून काढलं, टेकडी चढवली-उतरवली, आणि शेवटी दफनभूमीत नेऊन उभं केलं. मग मागे न वळताच म्हणाले, "ये मर्टन, आईला भेटायला आलोय. तूही नमस्कार कर." मर्टननं टोपी काढून नमस्कार केला.

अशा माणसानं आपण होऊन शब्द दिलेला, आणि त्याचा कोंबडा आता पाकात.

डेल्बर्टनं डीकनला घरी नेऊन बायकोच्या टबात बसवलं. बर्निस दारात येऊन उभी राहिली.

"डेल, ती माझी चांगली शाम्पूची बाटली आहे."

"मग वाईट कुठली आहे?"

"गोठ्यात साबण आहे की!"

"अगं, गाय आहे का ही? ऑरिनकाकांचा कोंबडा आहे."

"वा! लग्नाला अठरा वर्षं झाली, माझे केस कधी धुवून दिलेस?"

"तू कधी पाकात पडलीस?"

यावर बर्निसनं एकच काम केलं: केस वाळवायचं यंत्र त्याच्या हातात आदळलं आणि ती निघून गेली. डेल्बर्टनं शाम्पू केला, वर केस मऊ करायचं ते लायलॅकच्या वासाचं औषधही चोपडलं आणि गरम हवेनं वाळवलं. वाळल्यावर डीकन दीडपट झाला. एरवी तो चर्चात दानाची थाळी फिरवणाऱ्या डीकनसारखा छाती काढून चालायचा, त्यावरूनच त्याचं नाव पडलेलं. आता तो पावडरच्या पफसारखा गोल दिसत होता आणि मळ्यातल्या लायलॅकला अजून फुटवाही नसताना त्याच्या अंगाला त्या फुलांचा घमघमाट येत होता.

आणि घोळ नेमका इथेच होता. कारण डीकन हा अंगणात आरवायला ठेवलेला कोंबडा नव्हताच. तो गळ्यासाठी ठेवलेला होता. काळ्या-करड्या पट्ट्यांची, तारेसारखी ताठ पिसं होती त्याच्या गळ्याला. दर वसंतात ऑरिनकाका त्याला मांडीवर घेऊन मोजकी पिसं उपटत. डीकन शिव्या घाली, काका शांतपणे ऐकून घेत. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोट्या वाइसच्या पकडीत नखाएवढा गळ अडकवून ते त्यावर ट्राउटला भुलवणारी खोटी माशी बांधायला बसत. शेपटीला केस, पोटाला लव, आणि मानेभोवती ते पीस, गळपट्टा गुंडाळावा तसं, की त्याचे काटे चहूबाजूंनी उभे राहिले पाहिजेत. त्या काट्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर तरंगते. पीस मऊ पडलं की ते पाणी पितं, पाणी प्यायलं की माशी बुडते, आणि तरंगायची माशीच बुडाली तर तिला काय अर्थ?

काकांनी जन्मभर गावच्या रस्त्यांवर माती सपाट करायचा ग्रेडर चालवलेला. बोटं गाजरांसारखी. त्या बोटांनी भाताच्या दाण्याएवढी माशी बांधायचे, वीतभर उंचीवरून टेबलावर टाकायचे, आणि ती मांजरासारखी पायांवर उभी राहिली तरच टोपीला खोचायचे. पडली तर चुलीत. हा नाद इतका, की घरात केसाळ असं काही शिल्लक राहिलं नाही. हेस्टरकाकू वारल्या तेव्हा त्यांच्या फरच्या कोटाचं नुसतं अस्तर उरलं होतं. पुढे काकांनी चर्चात मिसेस फॉल्समच्या मागचा बाक धरला. गावाला वाटलं, म्हातारा देवाला लागला. खरं कारण बाईंच्या कॉलरवर होतं: तांबूस कोल्ह्याचं कातडं. प्रार्थनेला सगळे डोळे मिटत तेव्हा काका खिशातली छोटी कात्री काढत. हिवाळा संपेतो मिसेस फॉल्समच्या कोल्ह्याला टक्कल पडलं आणि बाईंनी त्याचा दोष कसरीला दिला.

तर काका इस्पितळातून परतले. नव्या जाड चष्म्यामागे डोळे बशीएवढे झाले होते. त्यांनी डीकनला उचललं, उलटंपालटं केलं, जवळ नेऊन हुंगलं. डेल्बर्टची पाचावर धारण बसली.

"तब्येत सुधारलीय," काका म्हणाले.

"हो ना! हवा मानवली आमच्याकडची."

"दिसतंय." एवढं बोलून त्यांनी कोंबडा काखेत मारला आणि गेले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून ताकास तूर लागत नव्हती. पुढचे काही आठवडे डेल्बर्ट रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचा. दिवा लागलेला असायचा, काका वाइसवर वाकलेले असायचे. बोलावणं येईना. "सांगून टाक ना एकदाचं," बर्निस म्हणायची. "आणि ओढा घालवू?" डेल्बर्ट म्हणायचा.

मेअखेर एका पहाटे हिरवी गाडी दारात आली. काकांनी त्याच्या हातात बियाण्याचं जुनं पाकीट ठेवलं; आत सहा नव्या माश्या. मग कोंड्याचं एक पोतं पुढे केलं.

"हे काय?"

"डोक्यावरून घे."

डेल्बर्टनं मुकाट्यानं पोतं घेतलं. गाडी तासभर चालली. वळणं, चढ, उतार, आणि मधूनमधून लाकडी पुलाच्या फळ्यांचा खडखडाट. त्यानं पोत्यातल्या पोत्यात तीन पूल मोजले. बहुतेक शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यापर्यंत आलो, असा त्याचा अंदाज झाला. मग गाडी थांबली, काकांनी दंड धरून त्याला झाडीतून चालवलं, एका घळीत उतरवलं आणि पोतं ओढून काढलं.

समोर ओढा होता. ढांग टाकली तर पलीकडे जावं एवढाच, पण खडकांच्या पायऱ्यांवरून उतरणारा, आणि प्रत्येक पायरीखाली घंगाळाएवढा काळाभोर डोह. डेल्बर्टला भरून आलं. त्यानं वडिलांसाठी टोपी काढली आणि घाईघाईनं पाकिटातली माशी दोऱ्याला बांधली.

माशी सुरेख पडली. पडली आणि बुडाली. झटकून पुन्हा टाकली. पुन्हा बुडाली, दगडासारखी. शेजारच्या डोहात काकांची माशी राजहंसासारखी तरंगत होती.

"बुडतेय का रे?" काकांनी विचारलं.

"छे, छे! जरा खालून चालतेय, इतकंच."

"पोहायला शिकतेय म्हणायची."

डेल्बर्टनं तिसरी काढली, चौथी काढली. सगळ्या बुडाल्या. पाचवी बुडताना काकांच्या डोहात 'चप्' झालं आणि एक ट्राउट दोऱ्याला लागून उसळला.

"काका, तुमची माशी कुठल्या पिसाची?"

"गेल्या वर्षीच्या."

"आणि माझ्या?"

"लायलॅकच्या."

डेल्बर्टच्या तोंडचं पाणी पळालं. तो खडकावर बसला. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पंखाखाली पाक राहिला होता. खुराड्यापर्यंत मुंग्यांची वरात लागलीय अजून. टबाचं तेवढं बर्निसकडून कळलं."

"मग बोलला का नाहीत? आणि मला इथे आणलंत तरी कशाला?"

काकांनी ट्राउट सावकाश सोडवला, नेच्यात ठेवला. "तीस वर्षं सोबती शोधतोय. या गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही. तुझं एक बरं आहे. तू ओढ्याबद्दल एक शब्द काढलास की मी मर्टनच्या दुकानात जाऊन सांगणार, डेल्बर्ट स्टिकनी कोंबड्याचे केस धुतो आणि वर यंत्रानं वाळवतो."

"नाही हो काका!"

"बायकोच्या टबात."

"शपथ घेतो! मेलो तरी बोलणार नाही."

"झालं तर मग." काकांनी आपल्या टोपीतली एक जुनी माशी काढून स्वतःच्या हातानं त्याच्या दोऱ्याला बांधली. डेल्बर्टनं गुडघ्यावर बसून, खडकाआड लपून ती टाकली. ती काट्यांच्या टोकांवर उभी राहिली, प्रवाहाबरोबर वीतभर गेली, आणि खालून अंधार वर आला. चप्! तळहाताएवढा ट्राउट डेल्बर्टच्या ओंजळीत तडफडू लागला. पंचेचाळिशीचा माणूस लहान मुलासारखा हसत सुटला.

तेवढ्यात मागची झुडपं सळसळली. डेल्बर्टनं वळून पाहिलं. एक तपकिरी कालवड, एक कान पांढरा, रवंथ करत उतरली, त्याच्याजवळ आली आणि मिठाच्या आशेनं त्याची बाही चाटू लागली.

"पेट्यूनिया?" डेल्बर्ट म्हणाला.

पेट्यूनियानं दुसरी बाही घेतली.

"काका, ही माझी कालवड आहे."

"असेल."

"कालवडी आमच्या डोंगरामागच्या कुरणात सोडल्यात. कुंपणाच्या आत!" त्यानं वर पाहिलं. घळीच्या माथ्यावर तार दिसत होती, त्यानंच गेल्या वर्षी ताणलेली. दरवर्षी तो कुंपण बघायला यायचा तो वरच्या अंगानं. या खडकाळ घळीत उतरायचं त्याला कधी कारणच पडलं नव्हतं. आणि ते तीन पूल? गावात लाकडी पूल एकच! काखेतला कळसा निदान काखेत तरी मावतो. इथे माणसाचा सबंध ओढा हरवला होता.

"हा ओढा माझा आहे!" डेल्बर्ट ओरडला. "तीस वर्षं माझे मासे मलाच नेच्यात बांधून आणून देताय, आणि मी दरवर्षी दारात उभा राहून आभार मानतोय!"

"आभार नकोत, मी नेहमी म्हणायचो."

खरंच म्हणायचे. डेल्बर्टला ते आठवून आणखीच राग आला. तो तिरमिरीत उठला, कालवडीला ढकललं आणि बोट नाचवत म्हणाला, "बास झालं! उद्याच्या उद्या इथे मोठ्या अक्षरांत पाटी लावतो, मासे धरायला सक्त मनाई!"

ऑरिनकाकांनी माशीवर फुंकर मारली, ती पुन्हा डोहावर टाकली आणि तिच्यावरची नजर न काढता म्हणाले,

"लाव की, तीस वर्षं गावाला वाट सापडत नव्हती, ती पाटीच दाखवेल."