विमानात नेसायची नऊवारी

शेवगावहून आमची क्रूझर भल्या सकाळी निघाली तेव्हा मी आईवर इतकी चिडले होते, की नगर येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. माझ्या अंगावर तिची राणी रंगाची नऊवारी पैठणी होती, नाकात नथ होती, आणि मी चालले होते जर्मनीला, नर्सच्या नोकरीवर. साधा ड्रेस घालते म्हणून मी दहा वेळा विनवलं होतं. काष्टा घट्ट ओढत आई एवढंच म्हणाली, "मी म्हन्ते म्हनून नेस. बाकी इच्यारू नको."

अप्पा, म्हणजे माझे वडील, पुढच्या सीटवर कडक इस्त्रीचं धोतर, काळा कोट आणि फेटा अशा थाटात बसले होते. आमच्याकडे तहसीलला जायचं तरी ट्रंकेतले कपडे निघतात, मग विमानतळ म्हटल्यावर विचारायलाच नको. मला मात्र आमची ही अख्खी वरात नकोशी झाली होती.

मुंबईला गेटातून आत शिरले आणि थेट बाथरूम गाठलं. पैठणी सोडली, चुरगाळून बॅगेत कोंबली आणि जीन्स, निळा टी-शर्ट चढवला. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. मग ठरल्याप्रमाणे काचेजवळ आले. बाहेर कठड्याशी आई-अप्पा उभे होते. आईनं मला लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं अप्पांचा हात हलवला, माझ्याकडे बोट दाखवलं. अप्पांनी फेटा सावरला, हात वर केला आणि माझ्या उजवीकडच्या खांबाकडे बघून हसत हसत टाटा केला.

मला हसू आलं. गर्दीत गोंधळले असतील म्हणत मी रांगेकडे वळले.

पुढची चार वर्षं मी करड्या जॅकेटातल्या माणसांत करडं जॅकेट घालून राहिले. शिफ्ट, ट्राम, जर्मनची परीक्षा, रविवारी व्हिडिओ कॉल. कॉलवर अप्पा नेहमी भलतीकडेच बघायचे आणि मी त्यांच्यावर खेकसायचे, "अप्पा, फोनकडे बघा की!" ते म्हणायचे, "दिसती गं, चांगली दिसती." गावभरही त्यांनी तेच सांगितलं होतं म्हणे, की पोरगी काचेतून चांगली दिसली.

चार वर्षांनी सुट्टी घेऊन घरी गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोन हाय?"

आईनं चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. काचबिंदू. नजर परत येणार नाही, हे नगरच्या डॉक्टरांनी मी जायच्या आधीच सांगितलं होतं. "मानूस वळखू येत नव्हता त्यास्नी. भडक रंग तेवढा दिसायचा. म्हनून ती पैठनी नेसवली तुला."

मी घर डोक्यावर घेतलं. सांगितलं का नाही? एक शब्द बोलली असतीस तर मी ती पैठणी अंगावरून काढली असती का?

"सांगितलं असतं तर नेसली असती," आई म्हणाली, "पन गेली नसती. त्यांनीच मला शपथ घातली हुती."

मी रोज आठ तास परक्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. माझ्या बापाला मला शेवटचं बघायचं होतं आणि मी निळा टी-शर्ट घालून त्याला हसले. हा राग गिळला जात नाही.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकानं फोटो टाकला. विमानतळावर फेटेवाले आजोबा, नऊवारीतल्या आजी. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. "लग्नाला निघाले वाटतं." "काका, ट्रॅक पँट मिळते हो बाजारात." लाज वाटते का रे तुम्हाला? त्या आजींना काचेपलीकडून कोण शोधत होतं, तुम्हाला काय ठाऊक? चार पैसे मिळाले, पायजम्यात विमान प्रवास करायला शिकलात, म्हणजे शहाणे झालात? मीही असलीच शहाणी होते.

आणि गावाकडच्यांनो, तुम्हीही ऐका. आमच्या भल्यासाठी म्हणून आमच्यापासून दुखणी लपवणं बंद करा. तुमच्या त्या मायेनं आमचं वाटोळं होतं.

या दिवाळीला मी ती पैठणी नेसून गेले. दोन्ही विमानांत, नथीसकट. पट्टा निऱ्यांवर आवळून बसले. शेजारच्यानं चोरून फोटो काढला. काढू दे म्हटलं. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढा एक ओटा उरलाय, आणि तिथं मी मिरवतच जाणार.

अप्पांना आता भडक रंगही दिसत नाही. मी शेजारी बसले आणि पदर त्यांच्या हातात दिला. त्यांनी जरीवरून अंगठा फिरवत फिरवत मोर शोधून काढला.

"राणी रंगाची ना गं?"

"हो अप्पा."

बराच वेळ त्यांनी पदर सोडला नाही. मग म्हणाले, "तवा न्हाई दिसली. आत्ता दिसली."