हळद नको

गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि आमच्या ह्यांच्याकडे एकच शब्द उरला: नको. चहा देऊ? नको, आणि हात कपाकडे गेलेला. पंखा लावू? नको, आणि लावला की समाधानाने डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात मिळाला नाही तेवढा नकार मला आता एका दिवसात मिळतो, असं मी आल्यागेल्याला हसून सांगते. हसले नाही तर रडू येतं.

झटक्यानंतर ते घराबाहेर पडायला तयार नसत. रिक्षात बसवलं की लोक वाकड्या झालेल्या तोंडाकडे बघतात, ते त्यांना सहन होत नाही. बसायचे ते फक्त स्वतःच्या जुन्या गाडीत. खडकीच्या कारखान्यात लेथवर उभं राहून कमावलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती. मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं, तेही ओरडून ओरडून. रोज संध्याकाळी मी त्यांना फिरवून आणायची. काच खाली करून, चांगला राहिलेला डावा हात खिडकीवर टेकवून ते बसले की पूर्वीसारखे दिसायचे.

तीच गाडी गळायला लागली. खाली हिरवट पाण्याचं थारोळं. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, लगेच पाटी लावली: ‘आपल्या गाडीचे पाणी आपल्या घरी सांडावे.’ गॅरेजवाला म्हणाला, रेडिएटर बदलावा लागेल, या मॉडेलचा मिळणं कठीण, शोधतो. आणि वाघोलीहून मुलाचा फोन आला.

“आई, विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक आणतो. तुम्ही कॅबने जात जा.”

“बाबांना विचार,” मी म्हटलं आणि फोन ह्यांच्या कानाला लावला. स्पीकर चालूच होता.

“बाबा, गाडी विकूया ना?”

“नको.”

“बघ, ते सगळ्यालाच नको म्हणतात,” मुलगा म्हणाला. विषय संपला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी गेली की हा माणूस पलंगाला खिळणार, हे मला लख्ख दिसत होतं, आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती. रविवारच्या आत गाडी मीच दुरुस्त करायची ठरवली. शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, पण सुट्टीच्या दिवशी हे बॉनेटमध्ये डोकं घालून बसत तेव्हा पान्हे कोण देत होतं?

ह्यांना व्हीलचेअरवर बसवून खाली आणलं. इंजिन गार होतं. रेडिएटर कोरडा पुसला आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. वरच्या टाकीच्या कडेला हळूहळू एक हिरवा थेंब जमला. सापडलं.

“वहिनी, मूठभर हळद टाका पाण्यात,” पाठीमागून सेक्रेटरी म्हणाले. “आमचे वडील घाटात हेच करायचे. गळती बंद.”

मला ते तात्काळ पटलं. बोट कापलं तर हळद, मग इथे का नाही? वरून डबा आणला, टाकीचं झाकण उघडलं.

“नको,” हे म्हणाले.

“हो हो, कळलं,” म्हणत मी मूठ भरली.

“नको!” हातातली काठी त्यांनी फरशीवर आपटली, सोडून दिली आणि त्याच डाव्या हाताने माझं मनगट असं पकडलं की डबाच खाली पडला. मी, व्हीलचेअर, फरशी, सगळं पिवळं.

“अहो, मग काय करू ते सांगा ना!” मी ओरडले. ज्याला सांगता येत नाही त्यालाच सांगा म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं आणि रेडिएटरच्या मधल्या भागाकडे बोट केलं. मी बॅटरी धरली. टाकीखाली बारीक बारीक चपट्या नळ्या ओळीने बसवलेल्या होत्या. हळद भोकात बसली असती आणि या नळ्यांतही बसली असती. मग इंजिन तापून कायमचं बसलं असतं, आणि मुलाचं काम मीच करून ठेवलं असतं.

“आता फरशी कोण पुसणार?” सेक्रेटरी म्हणाले.

“सल्ला देणारे,” मी म्हटलं.

इतके महिने मी शब्द ऐकत होते, माणसाकडे बघत नव्हते. चहाच्या वेळी त्यांची नजर चहावर असते. हळदीला नको म्हणताना ती थेट माझ्यावर होती.

मग आम्ही कामाला लागलो. पाणी टबात काढून घेतलं. पॉलिश पेपरने कड घासायला घेतली. “अजून घासू?” “नको,” नजर कडेवर. म्हणजे घास. धातू चकचकीत झाल्यावर पेट्रोलच्या फडक्याने पुसून सुकू दिला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, भोक बुजवायची दोन गोळ्यांची पुट्टी एकत्र मळली. पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या हाताला ते काय अवघड, अशा तोऱ्यात गोळा त्यांच्यापुढे धरला. “नको,” नजर माझ्यावर. नीट बघितलं तर आत पांढरी रेघ राहिली होती. पुन्हा मळला, अगदी एकरंगी होईपर्यंत, आणि भोकावर दाबून बसवला. अंगठा दुखायला लागला तरी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पुट्टी दगडासारखी झाली होती. नवीन कूलंट, म्हणजे ते हिरवं पाणी, भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं.

रविवारी मुलगा आला तेव्हा ह्यांना मी आधीच गाडीत बसवलं होतं. वर्तमानपत्र काढून त्याच्या हातात दिलं. कोरडं ठणठणीत.

“अगं, पण गिऱ्हाईक निघालंय,” तो म्हणाला.

“बाबांना विचार. यावेळी समोर उभं राहून.”

तो खिडकीशी वाकला. “बाबा, विकायची का गाडी?”

“नको.” नजर मुलाच्या डोळ्यांत, जराही न हलता.

मुलगा तसाच वाकून राहिला. मी किल्ली फिरवली.

“कात्रजच्या घाटापर्यंत जाऊन येऊ या?” मी विचारलं.

“नको,” हे म्हणाले, आणि समोर रस्त्याकडे बघत डाव्या हाताने सीटबेल्ट ओढायला लागले. तो पुरत नव्हता. मुलाने खिडकीतून हात घालून तो लावून दिला, खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं.